मोरीवर बसून

आमच्या गल्लीत कुणाचं काही लपत नाही. माझ्या चुलीवर आज कसली भाजी आहे हे समोरच्या वहिनींना माझ्या आधी ठाऊक असतं. अशा गल्लीत आम्ही दोघा नवराबायकोनं वर्षभर एक गोष्ट दडवून ठेवली होती. आमच्या ह्यांच्या पोटाला नळी होती.

साखरेनं किडन्या गेल्या, डोळेही निम्मे गेले. डॉक्टरांनी घरी करायचं डायलिसिस सांगितलं, पोटातनं होणारं. बेंबीशेजारी एक मऊ नळी कायमची बसवलेली. तिच्यातून पोटातलं जुनं पाणी रिकाम्या पिशवीत काढायचं आणि भरल्या पिशवीतलं नवं औषधी पाणी आत सोडायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि निजताना. सण नाही, सुट्टी नाही. शिकवणारी सिस्टर वयानं लहान, पण बोलायची ठणकावून. "काकू, नळीची टोपी काढल्यापासून पिशवी जोडेपर्यंत टोक उघडं असतं. तेवढ्यात घाणीचा एक कण जरी लागला तरी पोटात पू होतो. मग माणूस हाताला लागत नाही." दार-खिडकी बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. बालवाडीत पोरांचे हात धुवून घेण्यात माझी हयात गेली होती. मी मनात म्हटलं, ये बाई, आता तू मला शिकव.

बाहेर आलेलं पाणी स्वच्छ आहे का हे बघायचीही एक रीत होती. पिशवी छापील कागदावर ठेवायची आणि आरपार अक्षरं वाचायची. वाचता आली तर पोट ठीक. गढूळ दिसलं तर ती पिशवी घेऊन तडक दवाखाना. आमच्या ट्रेमध्ये पहिल्या दिवसापासून पेपरचं एकच पान होतं, जाहिरातींचं. "शाहूवाडी तालुका, स्वतःचा पोल्ट्री फार्म, निर्व्यसनी, उंच, साधी घरगुती मुलगी पाहिजे." ह्यांना दिसायचं नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचायची. हे डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "अजून मिळंना व्हय त्या गड्याला बायको? कोंबड्यांच्या वासानं पळत असतील पोरी." रोज तेच. रोज आम्ही त्या पोल्ट्रीवाल्यावर हसायचो.

हे उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर आटे पाडायच्या कामाला होते. आणि गल्लीच्या जत्रेचा रस्सा ह्यांच्याच हातचा. तांबडा असो, पांढरा असो, हंड्यापाशी दुसऱ्या कुणी पळी धरायची नाही. अशा माणसाला नळी लागली तेव्हा त्यानं मला अंबाबाईची शपथ घातली. "गल्लीत बोलायचं न्हाय. आत्तापतूर मी त्यास्नी वाढलंय, आता ती माझ्याकडं कीव करून बघणार. मला न्हाय चालायचं." मी शपथ घेतली. पिशव्यांची खोकी टेम्पोतनं यायची, तेव्हा साड्यांचा धंदा काढलाय म्हणून सांगितलं. समोरच्या वहिनी दोनदा साड्या बघायला आल्या. माल संपला म्हणून वाटेला लावलं. बाई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

आषाढात गल्लीची टेंबलाईची जत्रा असते. पुढं पी ढबाक, म्हणजे पिपाणी-ढोल, वाजतं, मागनं पोरी नदीचं नवं पाणी डोक्यावर घेऊन टेकडीवर जातात, देवीच्या पायऱ्यांवर ते ओततात, आणि इकडं गल्लीत मांडव घालून मटणाचं जेवण. आमच्या गल्लीचा दंडक असा की जत्रेचं शिळं ठेवायचं नाही. दिवस मावळायच्या आत हंडे पालथे पडले पाहिजेत. त्या दिवशी पावसानं जेवणारे कमी आले. डबे भरून झाले, पलीकडच्या गल्लीला वाटून झालं, तरी रस्सा उरलाच. वर बोटभर चरबीचा थर. ह्यांना उभं राहवत नव्हतं, तरी खुर्ची टाकून हंड्यांपाशीच बसले होते. त्यांनी बसल्या जागी हुकूम सोडला, "गरम हाय तवर ओता चेंबरात. थंड झाला की हंडा निघायचा न्हाय." दरवर्षी असंच ओततात. माणसांनी गटाराच्या चेंबरचं झाकण पहारीनं उचललं आणि हंडे उपडे केले.

गरम रस्सा पावसाच्या गार पाण्यात पडल्यावर काय होतं, हे आम्हा एवढ्या मटण खाणाऱ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागची खोली उघडली आणि किंचाळलेच. मोरीतनं काळं पाणी वर आलं होतं. पायाच्या घोट्यापर्यंत. त्यात काय काय तरंगत होतं ते सांगत नाही. ही खोली आम्ही मुद्दाम निवडली होती. कोपऱ्यात मोरी, मोरीला नळ, म्हणजे धुतलेल्या हातांनी दाराला हात लावायला नको. आमचं देवघर म्हणा, दवाखाना म्हणा, ती खोली. बाकी घर म्हणजे पुढची एक खोली आणि तिचं दार गल्लीत उघडणारं, त्यात माणसांची दिवसभर ये-जा. आणि आता देवघरात मैला.

सगळ्या गल्लीची तीच गत होती. ह्या घरातनं ओरडा, त्या घरातनं शिव्या. बाकीच्यांना वासाचा त्रास. माझ्या घरात मात्र रात्रीचं पाणी पोटात घेऊन एक माणूस बसला होता आणि सकाळची पिशवी टळून गेली होती. मी म्हटलं, "चला, मुरगूडला भावाकडं जाऊ."

"येवढी खोकी घिऊन? आणि काय सांगायचं?"

"मग दवाखान्यात चला."

"मांडव हाय वाटंत. चार माणसं इचारणार, काय झालं, कुठं निघालासा. गटार काढायची गाडी येतीया म्हणतात. थांब जरा."

थांबले. काय करणार? दुपार झाली. ह्यांचे पाय सुजून चकचकीत झाले, बोलताना धाप लागायला लागली. मी पुढच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते आणि तोंडानं देवीला नको नको ते बोलत होते. तुझ्या पायावर नवं पाणी ओतलं, बाई, आणि तू माझ्या घरात हे पाठवलंस? रडायला येत होतं, पण रडले तर हे बघणार, म्हणून दात आवळून बसले.

गल्लीच्या मंडळाच्या माणसांनी शेवटी एमआयडीसीकडनं खाजगी जेटिंगची गाडी आणली. गल्लीच्या तोंडाशीच उभी राहिली, आत यायला जागा नाही. पाण्याची मोठी टाकी, मागं गुंडाळलेला लांबच लांब पाईप. पाईपच्या तोंडाला लोखंडी टोपी, तिला मागच्या अंगाला भोकं. पाणी जोरात मागं सुटतं आणि त्या धक्क्यानं पाईप आपला आपण गटारात पुढं सरकतो. मशीन चालू झाल्यावर असला आवाज की शेजारी उभा माणूस काय बोलतोय ते कळू नये. गाडीवाला कागलकडचा, पोट सुटलेला आणि बोलायला एकदम ताडकन्. मांडवातल्या माणसांना म्हणाला, "सरका पावणं, सरका. बघायला तमाशा न्हाय हितं."

खालच्या चेंबरातनं त्यानं पाईप वर घातला. थोड्या वेळानं चेंबरात पांढरे गोळे येऊन पडायला लागले. डालड्याचे डबे फोडल्यासारखे. गाडीवाल्यानं एक गोळा फावड्यावर घेतला, वास घेतला आणि ओरडला, "आयला, ह्यो तर रस्सा हाय! कुणाचं रं डोस्कं हे?"

कुणी ह्यांच्याकडं बघितलं नाही, आणि न बघणंच जास्त लागलं. हे दारात उभे होते, चौकटीला धरून. आत वळले आणि खुर्चीत बसले.

तेवढ्यात मागच्या खोलीत मोरीनं मोठा ढेकर दिला. पळत जाऊन बघते तर पाणी खाली चाललेलं. बाहेर मशीनही बंद पडली. माणसं टाळ्या वाजवत होती. मला वाटलं, सुटलो. मी पदर खोचला आणि त्या खोलीला भिडले. ब्लिचिंग, फिनेल, कढत पाणी, परत ब्लिचिंग. फरशी घासली, भिंती हात पोचेल तिथपर्यंत पुसल्या, कॉटवर धुतलेली चादर घातली, ट्रे पुसला. हात सोलले, पण खोलीला परत खोलीचा वास आला. मग दार लावलं, खिडकी लावली, पंखा बंद केला, दोघांनी मास्क बांधले. ह्यांनी शर्ट वर केला.

आम्हाला काय माहीत, गाडीवाला टाकी भरून घ्यायला गेला होता आणि आता वरच्या चेंबरातनं दुसऱ्यांदा मारणार होता, सगळी लाईन धुवून काढायला. वरनं मारताना घराघरांतल्या मोऱ्यांतनं उलटं पाणी उसळतं. त्यामुळं मंडळाची माणसं गल्लीभर ओरडत फिरली होती, "मोऱ्या झाका, वर वजन ठेवा!" सगळ्यांनी ठेवलं. आम्ही मागच्या खोलीत, दार बंद होतं, खिडकी बंद होती. नियमानं.

मी हात धुतले. पिशवी टांगली. हे टोक धरायचे आणि मी टोपी काढून जोडायची, अशी आमची वाटणी, कारण ह्यांचे हात हल्ली कापायचे. मी टोपी काढली. टोक उघडं झालं. तेवढ्यात बाहेर परत मशीन सुरू झाली आणि मोरीत गुरगुर झाली.

जाळी उडाली. कंबरेएवढं काळं पाणी उसळलं. माझं डोकं चाललंच नाही, पाय चालले. कडेला उभा केलेला पाटा मी मोरीवर लोटला, तोही डुगडुगायला लागला, तेव्हा त्यावर बसले. अख्खी बसले. खालनं धक्के, कडेकडेनं पिचकाऱ्या, लुगडं भिजलं, तोंडावर उडालं. हात कोपरापर्यंत घाण. आणि समोर कॉटवर आमचे हे, उघडं टोक अंगठा-बोटात धरून, निम्म्या डोळ्यांनी काही न दिसता.

"जोडा!" मी ओरडले. "अहो, तुम्हीच जोडा! माझे हात गेले!"

हे हलले नाहीत.

"आटे हायत न्हवं त्याला? लेथवर आयुष्य काढलं की तुम्ही! बोटानं बघा!"

तेव्हा त्यांनी दुसरा हात उचलला. टांगलेल्या पिशवीची नळी हुडकली, तिची टोपी काढली आणि दोन्ही टोकं एकमेकांसमोर आणली. हात कापत होते. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा आटा धरला, आणि तो धरल्यावर मात्र बोटं थांबली. सावकाश, एकेक फेरा, जुन्या सवयीनं घट्ट केलं. मी देवाचं नाव घ्यायचं विसरले होते. नुसती बघत होते.

मशीन थांबेना. मी उठले तर खोली परत भरणार, म्हणून बसूनच ओरडायला लागले. बालवाडीतली पोरं माझ्या आवाजाला भ्यायची, तो सगळा आवाज मी काढला. "मशीन बंद करा! ऐकतंय का कुणी? आमच्या मालकांच्या पोटाला नळी हाय! नळी उघडी हाय! बंद करा!" कुणाला ऐकू जात नव्हतं. मी ओरडतच राहिले, तीच वाक्यं, पुन्हा पुन्हा. आणि मधेच बाहेर मशीन बंद पडली. एकदम सामसूम. त्या सामसुमीत माझं "मालकांच्या पोटाला नळी हाय" सगळ्या गल्लीत वाजलं.

हे माझ्याकडं बघत होते. दिसत नसलं तरी बघत होते. मी पाट्यावर बसलेली, अंगभर घाण. मोडली की शपथ. म्हटलं, "चुकलं माझं." पोटातलं पाणी पिशवीत उतरत होतं तेवढाच आवाज.

आत-बाहेरचं पाणी झाल्यावर नळी सोडवायचं आणि नवी टोपी लावायचं कामही त्यांनीच केलं. मी आधी लांबूनच विचारलं, "टोक कशाला लागलं का? थेंब उडाला का?"

"न्हाय."

"नक्की?"

"न्हाय म्हटलं न्हवं."

सिस्टरला फोन केला. तिनंही तेच विचारलं, टोकाला काही लागलं का. मी ह्यांना तिसऱ्यांदा विचारलं, आणि ह्यांनी तिसऱ्यांदा नाही म्हणून मान हलवली. ती म्हणाली, मग लक्ष ठेवा, पाणी बघत राहा, पोट दुखलं तर लगेच या.

संध्याकाळी समोरच्या वहिनी आल्या. हातात भाकरीचं टोपलं. दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत, साड्यांचा विषयही काढला नाही. "सांगायचं न्हाय व्हय गं," एवढंच म्हणाल्या आणि डोळे पुसत गेल्या. मंडळाच्या माणसांनी त्याच दिवशी मांडव उतरवला, वाट मोकळी असावी म्हणून. ह्यांना ज्याची भीती होती ती कीव हीच असेल, तर मला ती वाईट वाटली नाही. हे मात्र भिंतीकडं तोंड करून पडून होते.

दुसरा दिवस चांगला गेला. पाणी स्वच्छ. मी पोल्ट्रीवाल्याला वाचलं, हे हसले. मला वाटलं, मोरीवर बसले ते फळाला आलं. खोटं कशाला सांगू, मला माझाच अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी उतरवली आणि ट्रेमध्ये ठेवली. तांदूळ धुतलेलं पाणी असतं ना, तसं. खालचं एक अक्षर दिसेना. मी वाकून बघितलं, डोळे पुसून बघितलं. नाही. आता ह्यांना कसं सांगू? जरा चहा घेऊ दे, कपडे घालू दे, मग काहीतरी निमित्त काढून दवाखान्यात नेते, असं मनाशी ठरवत होते.

"वाच की," हे म्हणाले.

मला ते पान पाठच होतं. "शाहूवाडी तालुका," मी सुरू केलं. आवाज नेहमीसारखा ठेवला. "स्वतःचा पोल्ट्री फार्म, निर्व्यसनी, उंच, साधी घरगुती मुलगी पाहिजे."

हे हसले नाहीत. बायको मिळाली का, हेही विचारलं नाही.

"ते पान मघाशी मी काढलंय," हे म्हणाले. "तू दुधाला गेलतीस तवा. त्या जागी कॅलेंडरचा कागद घातलाय."

मी पिशवी बाजूला केली. खाली खरंच कॅलेंडरच्या तारखा होत्या.

"रात्रीपासनं पोट दुखतंय माझं. इचारलं तर तू गोडच वाचणार, हे म्हाईत हुतं मला." मग म्हणाले, "त्या दिवशी थेंब उडालता गं. टोकावरच. गार लागला बोटाला. मी पुसला आणि जोडला."

"मग बोलला का न्हाईसा? तीनदा इचारलं मी! तवाच गेलो असतो की दवाखान्यात!" मी अक्षरशः किंचाळले.

"तू त्या मोरीवर बसलीवतीस," हे म्हणाले. "येवढी बसलीवतीस. कसं सांगू?"

मला ह्यांना मारावंसं वाटलं. खरंच. आणि मग त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मी त्या दिवसापासनं दाबून ठेवलेलं सगळं रडून घेतलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तापानं भाजत होता.

गढूळ पिशवी बरोबर न्यायची असते. मी ती कडेवर धरली आणि सवयीनं वरनं पदर ओढला. दारात हे थांबले. गल्ली जागी होती. समोरच्या वहिनी, मंडळाची माणसं, सगळी आपापल्या उंबऱ्यावर येऊन उभी.

"झाकू नको," हे म्हणाले. "म्हाईत हाय आता समद्यास्नी."

मी पदर काढला. माणसांनी ह्यांना दोन्हीकडनं धरलं, आणि ह्यांनी धरू दिलं. चेंबरच्या झाकणावरनं जाताना हे म्हणाले, "पुढच्या जत्रंला उरलं तर इथं ओतू नगासा." कुणीतरी हो म्हटलं.

दवाखान्यानं नंतर ह्यांचे कपडे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिले. ह्यांचं तेरावं झाल्यावर शर्ट धुवायला काढला, तर खिशात ते जाहिरातीचं पान निघालं, नीट चौघडी केलेलं. मी मागच्या खोलीत जाऊन ते मोठ्यानं वाचलं, अगदी शेवटपर्यंत, आणि सवयीनं जरा वेळ थांबले.